सरांच्या न्हाणीची भिंत

पाऊस आला तेव्हा पटांगणात कच्च्या विटा होत्या आणि पाऊस गेला तेव्हा चिखल होता. मधे एक रात्र गेली, एवढंच. भट्टीवाला सकाळी पटांगणाच्या कडेला उभा राहून बराच वेळ बघत राहिला. विटा कुठंतरी आडोशाला जाऊन बसल्या असतील आणि ऊन पडल्यावर परत येतील, असा त्याचा चेहरा होता. काहींचे कोपरे अजून शाबूत होते. बाकीच्या एकमेकींच्या गळ्यात पडून मऊ झाल्या होत्या.

"झाकल्या होत्या का नाही?" बायकोनं विचारलं.

"झाकल्या होत्या."

"मग प्लास्टिक कुठंय?"

भट्टीवाल्यानं हात लांब करून दाखवलं. प्लास्टिक नदीपलीकडच्या झाडावर होतं. नदीवरचा पूल मात्र कुठंच नव्हता.

भर उन्हाळ्यात असा पाऊस यायचं काही कारण नव्हतं, पण त्याला विचारणार कोण? पुन्हा माती खणायची, पुन्हा मातीचा गारा करून तुडवायचा, पुन्हा साचे भरायचे. घरात माणसं चार. भट्टीवाला आणि त्याची बायको, दोन वर्षांपूर्वी शाळा सुटलेला थोरला, आणि शाळा सुटायच्या बेतात असलेली धाकटी. धाकटीची शाळा मात्र परीक्षा देऊन, रीतसर सुटणार होती. साठ टक्के पडले की मोठ्या गावातल्या नर्सिंगच्या शाळेत जागा, तिथंच राहायची सोय. साठाला एक जरी कमी पडला तर हा गारा. घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. पण धाकटी दिवस उजाडायच्या आत विटा उलथून शाळेत जायची आणि आल्यावर पुन्हा पुस्तक काढायची, ते सगळे बघत होते.

पूल गेला तशी परीक्षाही गेली. केंद्र पलीकडं, प्रश्नपत्रिका पलीकडं, आणि केंद्राच्या वर्गांत आता पुरानं उठवलेली माणसं चुली मांडून बसलेली. पुढच्याच आठवड्यात वरून आदेश आला. बातमी थोरल्यानं आणली. धाकटी तेव्हा पोटरीपर्यंत गाऱ्यात होती.

"परीक्षा रद्द. मार्क सर देणार. अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे?"

"म्हणजे तू पेपर लिहिला असतास तर किती पडले असते, ते सर सांगणार."

"पण मी लिहिणारच होते ना."

"तेच तर. आता लिहायचा नाही. सुटलीस."

धाकटीनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो पाण्याची बादली उचलून चालायला लागला. बादली भरलेली होती आणि पाणी इथंच ओतायचं होतं, हे त्याला नदीपाशी पोचल्यावर कळलं.

वर्गाला सर एकच. शिकवायचे मनापासून. पण धाकटीचा आणि त्यांचा परिचय एका बाजूनं होता. ती पहाटेपासून विटा उलथून आलेली असायची, त्यामुळं पहिल्या तासाला डोकं बाकावर टेकायचं आणि तिसऱ्या तासाला वर यायचं. गणित दुसऱ्या तासाला असे. तिनं गणित घरी, पुस्तकातून, एकटीनं केलं होतं. सराव परीक्षेत ते दिसलं असतं. पण सराव परीक्षेच्या दिवशी भट्टी रचायची होती आणि बापानंच तिला म्हटलं होतं, "सरावच आहे ना? खऱ्या परीक्षेला जा."

आता खरी परीक्षा नव्हती.

त्या सकाळी भट्टीवाल्याच्या कानावर दोन गोष्टी आल्या. एक, मार्क सर देणार. दोन, सरांच्या न्हाणीचा गोणपाटाचा आडोसा वादळात उडाला. पुढं तो कुणालाही शपथेवर सांगायचा, की न्हाणीचं आधी कळलं.

या घराची एक पद्धत होती. लोक आनंदाला मिठाई देतात, आजारपणाला फळं देतात. हे घर विटा द्यायचं. कुणाचं लग्न ठरलं, विटा. कुणाला मूल झालं, विटा. एकदा न्हाव्याची आई वारली तेव्हा भट्टीवाला डोक्यावर विटांची पाटी घेऊन भेटायला गेला होता आणि रडणाऱ्या न्हाव्यानं डोळे पुसत विचारलं होतं, "कुठं ठेवतोस?" यात लबाडी नव्हती. घरात देण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि हे चांगलं होतं.

तेव्हा भट्टीवाल्यानं मागच्या भट्टीतल्या पक्क्या विटांपैकी चांगल्या, टणटणीत वाजणाऱ्या विटा वेचल्या, थोरल्याला बरोबर घेतलं आणि सर शाळेत असताना त्यांच्या न्हाणीभोवती छातीइतकी भिंत उभी केली. ओळंबा लावून, सांधे घासून. भिंत इतकी देखणी झाली, की मागची खोली तिच्यापुढं गरीब दिसायला लागली.

ती खोली गिरणीवाल्याची होती. सर त्याच्या परसात भाड्यानं राहायचे. आणि गिरणीवाल्याचा मुलगा धाकटीच्याच वर्गात होता. पोरं त्याला टेप म्हणायची, कारण एकदा सुरू झाला की धडा संपेपर्यंत थांबत नसे. मधेच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून. टेपलाही मोठ्या गावातल्या शाळेत जायचं होतं, आणि आदेशात एक कलम होतं: नुसते मार्क देऊन भागणार नाही, सरांनी पोरांचे नंबरही लावायचे. पहिला एकच. दोघांना एक नंबर चालणार नाही.

संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात भिंतीचं परीक्षण झालं.

"चांगली बांधलीस," गिरणीवाला आरशातून भट्टीवाल्याकडं बघत म्हणाला. "पहिल्या नंबराची भिंत आहे."

"सरांना उघड्यावर आंघोळ करायला लागत होती."

"गेली चार वर्षं गोणपाटात करत होते की. तेव्हा तुझी पोरगी खालच्या वर्गात होती नाही का?"

न्हाव्यानं वस्तरा पुसला. त्याचाही मुलगा त्याच वर्गात होता, पण त्याच्याबद्दल कुणाचाच अंदाज नव्हता, त्याचा स्वतःचासुद्धा. म्हणून न्हावी न्यायानं बोलू शकत होता. "मी म्हणतो, हे बरंच झालं. परीक्षा म्हणजे काय? त्या एका दिवशी पोराचं पोट बिघडलं की वर्ष गेलं. सरांनी पोराला वर्षभर बघितलंय."

"झोपलेलं बघितलंय," गिरणीवाला म्हणाला.

भट्टीवाला दाढी अर्धी ठेवून उठणार होता. पण अर्ध्या दाढीनं रागावलेला माणूस रागावलेला दिसत नाही, म्हणून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर पटांगणात आले. चौघंही कामात होते. धाकटी साचा भरत होती, आई तो उलटा करून वीट ओळीत ठेवत होती. सरांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चिखलातून भट्टीवाल्यापर्यंत आले.

"भिंत काढा."

"सर, सांधे अजून ओले आहेत."

"म्हणूनच म्हणतोय. आत्ता काढा, सोपं जाईल."

"वाकडी झालीय का?"

"वाकडी असती तर बरं झालं असतं." सर तिथंच विटांच्या ढिगावर बसले. "तुमच्या मुलीला पहिला नंबर दिला, तर लोक म्हणणार भिंतीला दिला. दुसरा दिला, तर मी रोज आंघोळ करताना विचार करणार, की भिंतीला घाबरून दिला का."

"आणि भिंत नसती तर?"

सरांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. शिक्षकाला ती वेगळी लावून घ्यावी लागते. "नसती तर तिच्याबद्दल माझ्याकडं काहीच नाही. सराव परीक्षेचा पेपर नाही. वही बघावी तर तीत अक्षराशेजारी बोटांचे मातीचे ठसे, आणि तारीख नाही. कधी केलं, कुणाचं बघून केलं, कसं सांगू?"

भट्टीवाल्यानं हाताचा चिखल धोतराला पुसला. सराव परीक्षेच्या दिवशी रचलेली भट्टी त्याच्या मागंच होती.

धाकटी हात न धुताच उठून आली. "सर, मला आत्ता विचारा. काहीपण. बीजगणित विचारा."

"नाही विचारता येत. लेखी नाही, तोंडी नाही. कुठलीही चाचणी घेतली तर सगळ्या शाळेचे मार्क रद्द. आदेशातच आहे."

"मग कशावरून देणार?"

"वर्षभराच्या आठवणीवरून."

"माझी काय आठवण आहे तुम्हाला?"

सरांनी खाली बघितलं. "भांग."

"काय?"

"तुझा भांग. सरळ पाडतेस. वर्षभर समोर तोच होता."

आईनं हातातली वीट जरा जोरात ठेवली आणि ती मोडली. कुणी हसलं नाही. सर चिखलातून परत जाताना वळले आणि भट्टीवाल्याला म्हणाले, "पेपर तपासताना मला नाव दिसत नसतं, नुसता पेपर दिसतो. आता नुसतं नाव दिसतंय. माणसानं काय तपासायचं?"

भट्टीवाल्यानं पहार घेतली, थोरल्याला घेतलं आणि तो भिंत पाडायला निघाला. परसाच्या दारातच गिरणीवाला आडवा आला. अंगभर पीठ, पापण्यांवरसुद्धा.

"कुठं?"

"भिंत पाडायला."

"कुणाची?"

"माझी."

"तुझी? जागा कुणाची? पाया कुणाच्या जागेत खणलास? मी तुझ्याकडं भिंत मागितली नव्हती. पण आता माझ्या परसात उभी आहे ती. माझ्या भिंतीला पहार लावशील तर पंचायतीत नेईन."

"मग ती सरांना नको असली तरी?"

"सर भाडेकरू आहेत. उद्या जातील. भिंत राहील." गिरणीवाल्यानं भिंतीवर तळहात फिरवला. "आणि सगळ्यांना दिसत राहील."

तो काय म्हणतो ते भट्टीवाल्याला नीट कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपली वीट कच्ची असती तर बरं, असं वाटलं. मागच्या पावसात गेली असती. पण मागच्या पावसात नेमकं जायला नको होतं तेच गेलं होतं.

थोरला परत येताना म्हणाला, "बाबा, गिरणीवाल्याला चांगल्या विटा गेल्या."

"गप बस."

मग सरांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. भिंत पाडता येत नसेल, तर तिचा उपयोग तरी करायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीच्या आत न जाता बाहेर, रस्त्याच्या बाजूला, भिंतीकडं पाठ करून आंघोळ करायला लागले. आखूड चड्डी, बादली, साबण, आणि मागं गावातली सर्वांत देखणी भिंत. आपण काहीही घेतलं नाही, हे दिसावं म्हणून सर सावकाश आंघोळ करायचे. येणारे-जाणारे माना वळवायचे. पालक मात्र थांबून बघायचे. कुणाचा सर किती निःपक्षपाती आहे हे इतक्या उघड बघायला मिळत नाही.

हळूहळू सगळं गावच निःपक्षपाती झालं. दूधवाल्याची पुतणी त्या वर्गात होती. सरांच्या दुधात तो पूर्वीपासून पाणी घालायचा. आता बंद केलं असतं, तर लाच झाली असती. वाढवलं असतं, तर दमदाटी. म्हणून तो दररोज माप घेऊन पूर्वीइतकंच पाणी घालायला लागला. न्हाव्याची त्याहून पंचाईत झाली. चांगली दाढी केली तर लोक बोलणार, कापलं तर सर काय समजणार? त्यानं सरांना हात जोडून सांगितलं, "निकाल लागेपर्यंत तुम्ही वाढवा." सरांची दाढी वाढली. ते वर्गात, रस्त्यात, भिंतीपुढं, सगळीकडं एखाद्या गुन्ह्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे दिसायला लागले.

इकडं पटांगणात काम थांबलेलं नव्हतं. पहाटे माती ओली करायची, ऊन चढायच्या आत तुडवायची. धाकटीच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत माती बसली होती. पूर्वी ती तुडवताना पाठ केलेलं पुटपुटायची. आता गप्प असायची. भट्टीवाल्याला तो आवाज कधी बंद झाला ते कळलं नव्हतं, पण बंद झालेला ऐकू येत होता.

"म्हण की काहीतरी," तो एकदा म्हणाला.

"कुणाला म्हणून दाखवू?"

"मला."

"तुम्हाला काय कळणार, बाबा, बरोबर आहे का चूक ते?"

त्यात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच कुणीतरी चूक म्हणणारं हवं होतं.

यादी पाठवायच्या आदल्या सकाळी भट्टीवाला उठला तेव्हा धाकटी घरात नव्हती. पटांगणातही नव्हती. तो शोधत निघाला तर गिरणीच्या रस्त्यावर गर्दी. नेहमीची आंघोळीची गर्दी होती, पण तिच्यात आवाज चढलेला होता. सर भिंतीपुढं उकिडवे बसलेले, डोक्यापासून दाढीपर्यंत फेस, डोळे मिटलेले. आणि त्यांच्यासमोर, रस्त्याच्या मधोमध, धाकटी.

ती कुणाशी बोलत नव्हती. आकाशाकडं बघत मोठ्यानं गणित सोडवत होती.

"समजा, आत्ताचं मुलाचं वय क्ष. बापाचं वय त्याच्या तिप्पट, म्हणजे तीन क्ष. सहा वर्षांपूर्वी बाप पाचपट होता. म्हणजे तीन क्ष वजा सहा बरोबर, पाच कंसात क्ष वजा सहा..."

"ए पोरी, हे काय चाललंय?" गिरणीवाला दारातून ओरडला.

"मी रस्त्यानं चाललेय, काका."

"उभी आहेस तू!"

"दमले म्हणून." आणि पुढं, "कंस सोडवू. तीन क्ष वजा सहा बरोबर पाच क्ष अधिक तीस..."

सरांच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलेलं गर्दीला दिसलं. त्यांचे खांदे वर आले. त्यांनी ओठ घट्ट मिटले. फेस ओठांवरून हनुवटीवर आला. धाकटी आकाशाकडं बघतच होती.

"आता क्ष एका बाजूला घेऊ..."

"चिन्ह!" सर ओरडले.

गर्दीतल्या सगळ्या माना सरांकडं वळल्या.

"पाच गुणिले वजा सहा!" सर डोळे मिटूनच, साबणाचा हात वर करून. "वजा! वजा तीस!"

धाकटी थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भट्टीवाल्यानं त्या पावसानंतर बघितलं नव्हतं. "हां. पाच क्ष वजा तीस. मग दोन क्ष बरोबर चोवीस. क्ष बरोबर बारा. मुलगा बारा, बाप छत्तीस. सहा वर्षांपूर्वी सहा आणि तीस. पाचपट. बरोबर."

"बरोबर," सर म्हणाले. अगदी हळू. पण म्हणाले.

"परीक्षा घेतली!" गिरणीवाला उडालाच. पिठाचा एक ढग त्याच्याबरोबर उडाला. "सगळ्यांनी बघितलं! तोंडी परीक्षा घेतली! माझ्या जागेत!"

"मी आंघोळ करतोय," सर म्हणाले.

"तुम्ही चिन्ह सांगितलंत!"

"डोळ्यात साबण गेला. ओरडलो."

"साबण गेल्यावर माणूस वजा तीस म्हणतो?"

"मी गणिताचा शिक्षक आहे," सर म्हणाले आणि डोक्यावर तांब्या ओतला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. टेप बापाच्या मागं उभा होता. त्याला वाटलं आपलाही नंबर आला. त्यानं इतिहासाचा पहिला धडा सुरू केला. गिरणीवाल्यानं त्याला कानाला धरून आत नेलं. आतूनही धडा ऐकू येत राहिला.

भट्टीवाला गर्दीतून मुलीपाशी गेला. तिच्या कपाळावर सुकलेली माती होती ती त्यानं अंगठ्यानं काढली.

"घरी चल."

"बाबा, एक चुकलं."

"सुधारलंस की."

"पेपरात कुणी ओरडून सांगितलं नसतं."

"पेपरात तू घाई केली नसतीस," तो म्हणाला. तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला होता. पण घरापर्यंत ती दोन वेळा त्याच्याकडं बघून हसली.

सरांनी यादी पाठवली. पहिल्या नंबराला धाकटी, पुढं मार्क बाहत्तर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण दुपारपर्यंत दूधवाल्यालाही माहीत होतं. गिरणीवाल्यानं तक्रारीची भाषा केली. पण तक्रार करायची तर सगळ्या शाळेचे मार्क रद्द, म्हणजे टेपचेही. तो परसात जाऊन भिंतीकडं बघत उभा राहायचा. एवढ्या चांगल्या भिंतीचा काही उपयोग होत नव्हता.

भट्टीवाल्याच्या घरात मात्र ते दिवस हलके गेले. कच्च्या विटा पुन्हा वाळल्या, भट्टी रचली गेली. आईनं धाकटीचे दोन कपडे बाजूला काढून, धुऊन, घडी घालून ठेवले. ती साचा भरताना पुन्हा पुटपुटायला लागली, या वेळी शरीरातल्या हाडांची नावं. थोरला तिला चिडवायचा, "इंजेक्शन आधी मला देऊ नकोस. आधी गिरणीवाल्याला दे, हात बसू दे." मग एकटा असताना तो तिचं हाडांचं चित्र उचलून बघायचा.

निकालाच्या दिवशी सर पुन्हा पटांगणात आले. दाढी तशीच होती. भट्टी धुमसत होती आणि चौघं तिच्या कडेचा भेगाळलेला लेप चिखलानं बुजवत होते. सर आले, ते चपला घालूनच चिखलात शिरले. तेवढ्यावरून आईला कळलं.

"चोपन्न," सर म्हणाले.

"बाहत्तर ना?" भट्टीवाला म्हणाला.

"बाहत्तर मी दिले होते. त्यांनी नंबर माझे घेतले, मार्क त्यांचे लावले." सरांनी फोन वर केला आणि खाली घेतला, वाचायची गरज नव्हती, पाठ झालं होतं. "सगळ्या शिक्षकांनी मार्क जास्त दिलेत म्हणे. म्हणून ऑफिसनं सूत्र काढलं. शाळेत मागच्या दोन वर्षांत पहिला नंबर काढणाऱ्यांना सरासरी जेवढे पडले, तेवढेच यंदाच्या पहिल्याला. मागच्या दुसऱ्याला जेवढे, तेवढे यंदाच्या दुसऱ्याला. टेपला एकोणपन्नास."

"मागच्यांचे मार्क?" धाकटी म्हणाली. "माझे कुठंयत?"

"तुझे नाहीत. तू पहिली आहेस, म्हणून तुला पहिल्याचे."

"मागचा पहिला कोण होता?"

"गेल्या वर्षीचा साधाच होता. त्याच्या आदल्या वर्षी मी या वर्गाला नव्हतो. त्या वर्षी एक मुलगा चांगला होता म्हणतात, सत्तरच्या पुढं गेला असता. पण शेवटच्या दोन पेपरांना आलाच नाही. नापास धरला. मग जो पहिला आला तो पन्नासवर. तो मुलगा बसला असता तर सरासरी साठाच्या वर गेली असती."

सरांना खरंच माहीत नव्हतं. ते भट्टीकडं बघून बोलत होते.

थोरला भट्टीच्या पलीकडच्या कडेला होता. हातात चिखलाचा गोळा. त्यानं तो भेगेत भरला, तळव्यानं दाबला, बोटानं सारखा केला. मग पुन्हा सारखा केला. दोन वर्षांपूर्वी त्या दोन दिवसांत भट्टी पेटलेली होती, आग एका बाजूनं फुटत होती आणि भट्टीवाल्याला माणूस कमी पडत होता. थोरल्याला तो तेव्हाही म्हणाला होता, की पुढच्या वर्षी बस.

आईनं पदर तोंडाला लावला. धुरासाठी लावल्यासारखा.

"दादा," धाकटी म्हणाली.

"काय गं," थोरला म्हणाला. वळला नाही. "उजवीकडं अजून एक भेग आहे बघ."

"काही करता येतं का, सर?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"यंदाची प्रवेशाची मुदत संपते परवा. ज्यांना हे मार्क मान्य नाहीत त्यांनी पुढच्या वर्षी परीक्षा द्यायची. खरी. लेखी."

"कधी?"

"नेहमीसारखी. याच दिवसांत."

याच दिवसांत भट्टी लागते. हे तिथं पाचही जणांना माहीत होतं, सरांनासुद्धा.

"देईल ती," भट्टीवाला म्हणाला.

आईनं चिखलाचा पुढचा गोळा उचलला. सर निघाले. एक चप्पल चिखलात रुतून बसली. त्यांनी ओढून पाहिली आणि तशीच सोडून गेले. भट्टीवाल्याला ती काढून द्यावीशी वाटली. पण सरांना या घरानं काही द्यायची आता त्याला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे खड्ड्याकडं गेला तेव्हा धाकटी आधीच गाऱ्यात होती. गुडघ्याच्या वर कपडे खोचलेले, दोन्ही हात पाठीमागं, डोकं खाली. शाळा गाठायची असल्यासारखी वेळेवर आली होती, इतकंच की आता शाळा नव्हती. ती एका लयीत तुडवत होती. पुटपुटत नव्हती.

"तू नको," भट्टीवाला म्हणाला. "मी आहे, दादा आहे. तू घरात बस, अभ्यास कर."

"कशाचा?"

"पुढच्या वर्षीचा."

ती तुडवत राहिली. पाय काढताना गारा सुटायच्या आधी ओढ घेई आणि मग आवाज होई.

"निघ म्हणतो ना बाहेर!"

ती थांबली. वर बघितलं. बापाचा चेहरा उजेडाच्या उलट्या बाजूला होता, नीट दिसत नव्हता. ती रागावलेली नव्हती. खरंच विचारल्यासारखं तिनं विचारलं.

"कुठं निघू, बाबा?"

भट्टीवाला काठावर उभा राहिला. समोर नदी, तिच्यावर पूल नाही. मागं भट्टी. त्यानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, सांगायला काही आहे का ते शोधल्यासारखं. मग चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि खड्ड्यात उतरला. ती एका बाजूला सरकली. दोघं समोरासमोर तुडवायला लागले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पाणी लागेल का अजून?"

त्यानं गाऱ्यात हात घातला, मूठ दाबून बघितली.

"लागेल," तो म्हणाला. "थोडं."

ती बादली घ्यायला वाकली.